आधी टेललाइट बदला
शिरवणे एमआयडीसीत दुसरी पाळी सुटली की आपल्या बाइक सायन-पनवेल महामार्गावर, आणि मागे ट्रेलर. साधा ब्रेक-बल्ब पूर्ण पेटायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. ताशी 60 किलोमीटरला मागची गाडी तेवढ्यात 3 मीटर पुढे सरकते. एलईडी लगेच पेटतो. म्हणून आधी टेललाइट, मग इंडिकेटर. ब्रेक दाबल्यावर उजेड ठळक वाढतो का, मित्राला मागे उभं करून बघा. स्वस्त पट्टीत बऱ्याचदा फरकच नसतो. इंडिकेटर भराभर लुकलुकतात कारण जुना फ्लॅशर 10 वॉटच्या बल्बांसाठी बनलेला, एलईडी जेमतेम दोन वॉट खातो. एलईडीचा फ्लॅशर घ्या, रेझिस्टर उगाच तापतो. आणि मागे लालच, इंडिकेटर पिवळेच.