वतन गेले, कचेरी आली



कचेरी म्हटली की आपल्या कपाळाला आठी पडते. हेलपाटे, शिक्के, 'साहेब दौऱ्यावर आहेत', 'उद्या या' हे सारे आठवते. तरीही आज मी कचेरीची बाजू मांडणार आहे. मात्र बिनशर्त नव्हे.

कचेरीपूर्वी काय होते? गावचे दप्तर कुलकर्ण्याकडे असे. कुलकर्णीपण हे वतन, बापाकडून मुलाकडे येणारे. कागद त्याच्या ताब्यात, आणि अडाणी कुळाला त्यांतले अक्षर लागत नसे. कुलकर्णी भला निघाला तर गावाचे भाग्य. नाही तर दाद कोठे मागायची? राजर्षी शाहू छत्रपतींनी हे दुखणे ओळखले. १९१८ साली त्यांनी कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. आपल्या बाजूला, तेव्हाच्या मुंबई राज्यात, १९५० चा कायदा होऊन १ मे १९५१ पासून उरलीसुरली कुलकर्णी वतने संपली. मुलकी पाटलाचे वंशपरंपरेचे पद १ जानेवारी १९६३ रोजी गेले.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर १९२० साली निवर्तला. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात नोकरशाहीची लक्षणे सांगितली आहेत. नेमणूक योग्यतेवर, पगार ठरलेला, अधिकार नियमाने बांधलेला, व्यवहार लेखी. आणि मुख्य म्हणजे घर वेगळे, कचेरी वेगळी. आपल्या गावांत घडले ते हेच. तलाठ्याची बदली होते, पण सातबारा त्याच्या सामानात जात नाही. नियम तोंड पाहत नाही, हे त्याचे मोठेपण आहे. ज्याच्या पाठीशी जात नाही, पैसा नाही, पुढारी नाही, त्याला नियमावाचून दुसरा आधार कोणता?

मग आपली तक्रार खोटी काय? मुळीच नाही. खाणीचा कारभार पाहिलेला फ्रेंच व्यवस्थापक आंरी फायोल याने १९१६ साली व्यवस्थापनाची चौदा तत्त्वे मांडली. हुकूम एकाचाच असावा आणि वरपासून खालपर्यंत अधिकाराची साखळी असावी, ही त्यांतलीच. पण त्याने एक पुस्तीही जोडली: वरिष्ठांची संमती असेल तर समान पायरीवरच्या दोघांनी परस्पर बोलून काम उरकावे. आपल्याकडे तलाठ्याची साखळी तहसीलदाराकडे जाते, ग्रामसेवकाची गटविकास अधिकाऱ्याकडे. दोघे एकाच गावचे काम पाहणारे; पण कागद दोन्ही साखळ्या चढून उतरत राहिला, तर फायोलचे अर्धेच तत्त्व आपण घेतले म्हणायचे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन याने १९४० साली दाखवून दिले, की नियम पाळता पाळता तो कशासाठी केला हेच कारकून विसरतो. साधन होते, ते साध्य होऊन बसते.

यावर उपाय काय? आपण सहसा एकच जाणतो: ओळख काढणे. कोणाची चिठ्ठी, कोणाचा निरोप. बंधूंनो, येथेच आपण फसतो. चिठ्ठीने आपले काम पुढे सरकते, तेव्हा रांगेतल्या बिनओळखीच्या माणसाचे मागे पडते. म्हणजे जे वतन कायद्याने घालवले, ते आपण मागच्या दाराने परत आणतो.

खरा उपाय नियमातच आहे. महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे साधारण फाईल कोणाही शासकीय कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत घातली; नकार दिल्यास कारण लेखी द्यावे लागते, अपील करता येते, आणि कसूर करणाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो.

तेव्हा खिडकीशी जाल ते चिठ्ठी घेऊन नव्हे, अर्ज घेऊन जा. पोच मागा, तारीख मागा, नकार आल्यास कारण मागा. शेजाऱ्याला लिहिता येत नसेल तर त्याचाही अर्ज लिहून द्या. कचेरी बिनचेहऱ्याची असावी, पण बहिरी असू नये. आणि तिला ऐकायला लावणे हे आपले काम आहे.