लिनक्सवरील खेळ : इलेक्ट्रॉनिक सिटीतील एका हौशीचे विचार

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यानाची संहिता)



संगणकावरील खेळ हा विषय शाळेच्या व्यासपीठावर यावा, याचे काहींना नवल वाटेल. परीक्षेच्या दिवसांत ज्या गोष्टीवरून घरोघरी वाद होतात, तिलाच व्याख्यानाचा मान कशासाठी, असेही कोणी विचारील. परंतु ज्यांच्या विचारांचा येथे परिचय करून द्यावयाचा आहे, ते गृहस्थ याच शाळेच्या बाकांवर बसून मराठीतून भूमिती शिकले. गेली वीसेक वर्षे ते बंगळूरजवळच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत राहतात. व्यवसाय संगणकाचाच; पण रात्रीची जेवणे आटोपल्यावर त्यांच्या टेबलावर जे चालते ते पोटासाठी नव्हे. ते लिनक्सवर खेळ खेळतात, आणि जे खेळ तेथे चालत नाहीत ते चालावेत म्हणून खटपट करतात. त्यांचे नाव येथे घेतलेले नाही, कारण ती त्यांचीच अट होती.

इलेक्ट्रॉनिक सिटी हे नाव ऐकून डोळ्यांपुढे काचेच्या इमारती उभ्या राहतात. होसूर रस्त्यावरील कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या 332 एकर जमिनीवर किऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या संस्थेने 1978 मध्ये ही वसाहत उभारण्यास घेतली. आर. के. बाळिगा यांचे ते स्वप्न होते. पुण्यात 1981 मध्ये स्थापन झालेली इन्फोसिस 1983 मध्ये बंगळूरला गेली आणि पुढे याच वसाहतीत स्थिरावली, हे मराठी माणसाने थोड्या हळहळीने का होईना, लक्षात ठेवलेले आहे. त्या कंपन्यांमागोमाग मराठी घरेही तेथे गेली. त्यांतलेच हे एक घर.

लिनक्सशी त्यांची गाठ पडली ती अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने 1991 मध्ये सुरू केलेला हा गाभा भारतात पोहोचला तो मुख्यतः तबकड्यांवरून. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाले होते खरे, पण टेलिफोनच्या तारेवरून इतका मजकूर उतरवून घेणे ही चैन होती. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने 1996 पासून अंकासोबत लिनक्सची तबकडी देण्यास आरंभ केला आणि कित्येक हौशी तरुणांची वाट मोकळी झाली. वसतिगृहातील इतर संगणकांवर विंडोज होते, आणि ते बहुधा विकत घेतलेले नसे. कोणाच्या तरी तबकडीवरून उतरवलेली चोरीची प्रत असे. त्याकाळी यात कोणालाच वावगे वाटत नसे. लिनक्सची नक्कल करण्याची मात्र परवान्यानेच मुभा होती. फुकट मिळण्यापेक्षा उजळ माथ्याने मिळण्याचे आकर्षण आपल्याला अधिक होते, असे ते सांगतात. पहिल्याच रात्री त्यांनी ‘डूम’ हा खेळ चालवून पाहिला. या खेळाची लिनक्स आवृत्ती 1994 मध्येच निघाली होती. चित्र दिसले, आवाज मात्र दोन रात्री आला नाही. तिसऱ्या रात्री ध्वनिपत्रिकेचा क्रमांक हाताने लिहून दिल्यावर बंदुकीचा पहिला बार झाला आणि शेजारच्या खोलीतला मुलगा दचकून उठला.

संगणकाच्या प्रणालीची खरी परीक्षा खेळात होते, हा त्यांचा पहिला आणि आवडता सिद्धान्त. पत्र लिहिणे, हिशेब करणे ही कामे कोणतीही प्रणाली पार पाडील. कागद अर्धा सेकंद उशिरा उमटला तरी कोणाचे काही अडत नाही. खेळात मात्र सेकंदाला साठ चित्रे काढायची म्हटली, की एका चित्राला जेमतेम 16 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या अवधीत कळफलकावरचे बोट ओळखायचे, शत्रूची चाल ठरवायची, प्रकाश-सावली मोजायची, आवाज द्यायचा. एक यंत्रणा रेंगाळली की खेळणाऱ्याला तत्काळ कळते. म्हणून, त्यांच्या मते, लिनक्सवर उत्तम खेळ चालू लागणे ही पोरखेळाची बाब नव्हती. ती प्रणाली वयात आल्याची खूण होती.

ती खूण दिसायला फार वर्षे लागली. स्कॉट ड्रेकर यांनी 1998 मध्ये अमेरिकेत लोकी सॉफ्टवेअर नावाची कंपनी काढली. विंडोजचे गाजलेले खेळ लिनक्ससाठी नव्याने बांधून विकायचे, हा तिचा व्यवसाय. काम चोख होते, पण गिऱ्हाईक थोडे, आणि जे होते त्यांतले अनेक मूळ खेळ आधीच विकत घेऊन बसलेले. जानेवारी 2002 मध्ये कंपनी बंद पडली. मात्र तेथेच काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांची ‘एसडीएल’ ही संहिता मुक्त असल्यामुळे मागे उरली आणि आजही असंख्य खेळांच्या पायात तीच आहे. दुकान बुडाले तरी त्याच्या ओट्याचा दगड गावाला उपयोगी पडावा, तसा हा प्रकार.

दुसरा मार्ग दुभाष्याचा. विंडोजसाठी लिहिलेला खेळ विंडोजच्याच भाषेत मागणी करतो : ही फाइल उघड, हा त्रिकोण रंगव, हा आवाज वाजव. लिनक्सला ती भाषा कळत नाही. 1993 मध्ये सुरू झालेल्या ‘वाइन’ प्रकल्पाने मध्ये एक दुभाषी बसवला. तो खोटा विंडोज संगणक उभा करत नाही. मागणी ऐकतो आणि ती लिनक्सच्या भाषेत पुढे पोहोचवतो. शब्दकोश मोठा होता आणि मूळ भाषेचे व्याकरण मालकाने पूर्णपणे उघड केलेले नव्हते. त्यामुळे वाइनची 1.0 आवृत्ती निघायला 2008 साल उजाडले. पंधरा वर्षे! आपल्याकडे एखादा विश्वकोश सिद्ध व्हायला लागतो तेवढा धीर या मंडळींनी दाखवला.

पुढची कथा वेगाने घडली. ‘स्टीम’ या खेळविक्रीच्या दालनाची चालक कंपनी व्हॉल्व्ह हिने फेब्रुवारी 2013 मध्ये लिनक्ससाठी स्टीम आणले. 2015 मधील तिची ‘स्टीम मशिन’ मात्र लोकांनी उचलली नाहीत. त्यानंतर फिलिप रेबोले नावाच्या एका जर्मन हौशी तरुणाने, स्वतःला आवडणारा खेळ लिनक्सवर नीट चालावा म्हणून, विंडोजच्या चित्रभाषेचे ‘व्हल्कन’ या खुल्या चित्रभाषेत रूपांतर करणारी ‘डीएक्सव्हीके’ ही संहिता लिहिली. व्हॉल्व्हने हा दुभाषी आणि वाइन एकत्र जोडून ऑगस्ट 2018 मध्ये ‘प्रोटॉन’ दिले. 2022 मध्ये आलेले ‘स्टीम डेक’ हे हातात मावणारे यंत्र याच बळावर चालते. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्या सदनिकेत 2018 च्या त्या आठवड्यात मोठाच आनंदोत्सव झाला असे म्हणतात. गृहिणीच्या साक्षीप्रमाणे दोन दिवस भाजी आणायलासुद्धा कोणी खाली उतरले नाही.

या यशाचे वर्णन करताना ते हात राखून बोलतात, हे त्यांचे विशेष. नव्याने येणाऱ्याला ते आधी अडचणी सांगतात. विंडोजच्या जुन्या एनटीएफएस कप्प्यातूनच खेळ चालवायला गेलात तर तो कधी कुठे अडेल याचा नेम नाही. लिनक्सच्या स्वतःच्या कप्प्यात तो नव्याने उतरवावा. चित्रपत्रिका एएमडीची असेल तर तिचे चालक खुले असून प्रणालीबरोबरच येतात. एनव्हिडियाची असेल तर चालक वेगळे घ्यावे लागतात, आणि प्रणाली अद्ययावत केल्यावर कधी पडदा काळा राहतो. खुद्द टोरवाल्ड्स यांनी 2012 मध्ये भर सभेत या कंपनीला शिवी हासडली होती. 2022 पासून कंपनीने चालकांचा काही भाग खुला केला आहे, हेही ते प्रामाणिकपणे सांगतात.

आता ज्या प्रसंगामुळे हे व्याख्यान सुचले, त्याकडे वळावे. या गृहस्थांचा मुलगा नववीत आहे. संकुलातील त्याचे सगळे मित्र एक स्पर्धात्मक नेमबाजीचा खेळ संध्याकाळी मिळून खेळतात. तो खेळ लिनक्सवर चालत नाही, आणि येथे दुभाष्याचाही इलाज नाही. असे खेळ लबाडी रोखण्यासाठी एक पहारेकरी सोबत आणतात. ‘व्हॅलोरंट’चा ‘व्हॅनगार्ड’ हे त्याचे ठळक उदाहरण. हा पहारेकरी दारात उभा राहत नाही. विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे घराच्या तिजोरीच्या खोलीत, जाऊन बसतो. गाभ्यात बसलेल्याला सारे दिसू शकते. काही कंपन्यांनी आपले पहारेकरी प्रोटॉनखाली चालू दिले, पण सर्वांनी नाही. ‘एपेक्स लेजेंड्स’ने तर आधी दिलेली मुभा 2024 च्या अखेरीस लबाडीचे कारण देऊन काढून घेतली.

वडिलांचे म्हणणे स्पष्ट होते. ज्या संगणकावर घराचे बँकेचे व्यवहार, आजीचे औषधोपचारांचे कागद आणि कुटुंबाची छायाचित्रे आहेत, त्याच्या तिजोरीची किल्ली एका खेळाच्या कंपनीला का द्यावी? मुलाचे म्हणणेही तितकेच स्पष्ट होते. “बाबा, तुम्ही तुमच्या हौसेसाठी लिनक्स घेतलंत. ते माझ्यावर का लादता? मी खाली गेलो की सगळे कालच्या सामन्याबद्दल बोलत असतात. मी नुसता ऐकत उभा राहतो.” स्वातंत्र्यासाठी निवडलेली प्रणाली मुलाला बंधन वाटते, हा टोला वर्मी लागला. घरात पंधरवडाभर बोलणे बेताचेच राहिले.

तडजोड निघाली ती अशी. त्यांनी एक स्वस्तातली वेगळी डिस्क आणली, तिच्यावर रीतसर विकत घेतलेले विंडोज चढवले आणि घरच्या लिनक्सची डिस्क पूर्णपणे कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक लिपीत बंदिस्त केली. खेळायचे तर या डिस्कवर. बँकेचे काम तिच्यावर कदापि नाही. हा पराभव आहे का, असे विचारले असता त्यांनी तो आहे असेच उत्तर दिले. लिनक्सवर सर्व काही चालते, असे सांगणाऱ्या उत्साही मंडळींवर त्यांचा राग आहे. अशा फुशारक्यांमुळेच नवखा माणूस आठवड्यात परत फिरतो. पहारेकऱ्याविषयीचे त्यांचे मत मात्र बदललेले नाही. लबाडी पकडायची ती खेळ चालवणाऱ्या दूरच्या संगणकावर पकडावी, खेळाडूच्या घरात शिरून नव्हे, असे ते म्हणतात. येथे त्यांची बाजू थोडी ताणलेली वाटते, कारण भिंतीआडचा शत्रू पाहणारी लबाडी दुरून ओळखणे खरोखर अवघड असते. पण किल्ली कोणाला द्यायची याचा विचार प्रत्येक पालकाने एकदा करावा, एवढे तरी त्यातून घेण्यासारखे आहे.

धाकटी मुलगी सहावीत. तिची कथा निराळी आहे. तिला ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा 2003 पासूनचा मुक्त खेळ आवडतो. पट षट्कोनी घरांचा, डाव आळीपाळीने. अरण्यात उभ्या असलेल्या एल्फ सैनिकावर घातलेले दहा घाव घेतले तर त्यांतले सरासरी तीन-चारच लागतात, हे तिने शेकडेवारी शिकण्याआधी अनुभवाने जाणले. या खेळातील प्रत्येक सैनिकाचे बळ, किंमत, चाल हे सारे साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेले असते. एका रविवारी तिने त्यातला एक आकडा बदलला आणि तिचा भालाईत अजिंक्य झाला. दोन डावांत त्याचा कंटाळा आला. मग तिने आकडा परत कमी केला आणि विचारले, “बाबा, हा आकडा आधी कोणी ठरवला?” एवढ्या प्रश्नासाठी पंचवीस वर्षांची खटपट वसूल झाली, असे ते मानतात.

या संदर्भात ते आपल्याकडील जुन्या पटांची आठवण देतात. लेण्यांच्या आणि देवळांच्या दगडी फरशांवर कोरलेले खेळांचे पट महाराष्ट्रात अनेक ठिकाणी सापडतात. ते कोणी कोरले याची नोंद नाही, आणि बसून खेळायला कोणाची परवानगी लागत नव्हती. सोंगट्यांचे नियम गावागणिक बदलत. ‘0 ए.डी.’ या मुक्त खेळात मौर्यांचे साम्राज्य आहे. परदेशी हौशी लोकांनी सुरू केलेल्या खेळात चंद्रगुप्ताचे हत्ती आले. मग किल्ले, घाट, गलबते यांचा खेळ मराठी मुलांनी का रचू नये? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ जगापुढे आणून दाखवला आहेच. तो व्यावसायिक खेळ आहे. पण इथल्या मातीतला खेळ जग खेळते, हे त्याने सिद्ध केले.

भाषेचाही प्रश्न आहे. लिनक्सवर मराठी दिसू लागली ती आपोआप नव्हे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले ‘लोहित’ टंक रेड हॅटने मुक्त परवान्याखाली खुले केले. पडद्यावरच्या सूचनांचे मराठीकरण ज्यांनी केले त्यांतले बरेच जण नोकरी सांभाळून करणारे होते. ‘फाइल जतन करा’ हे शब्द कोणीतरी बसून लिहिले आहेत. मुक्त खेळांतील संवादांचे मराठीकरण करण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही, फक्त चांगले मराठी येणारी मुले हवीत. ती या शाळेत आहेत.

शाळेच्या संगणककक्षाचा विषय यातूनच निघाला. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार संपला, आणि कक्षातील जुनी यंत्रे विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. ती भंगारात द्यावीत असा एक विचार होता. केरळने आपल्या शाळांत लिनक्स केव्हाच रुजवले आहे, हे उदाहरण त्यांनी संस्थेला पत्राने कळवले आणि दिवाळीच्या सुटीत मुलाला बरोबर घेऊन ते स्वतः आले. खिशात एक पेन ड्राइव्ह. त्यात लहानांसाठी ‘जीकॉम्प्री’ आणि ‘टक्स पेंट’, मोठ्यांसाठी वेसनॉथ. तीन यंत्रांवर मुलानेच लिनक्स चढवले; वडील मागे खुर्चीवर बसून होते आणि विचारल्याशिवाय बोलत नव्हते. चौथ्या यंत्राचा आवाज काही येईना. बंगळूरची गाडी सुटायला दोन तास राहिले होते. मुलाने ध्वनीच्या मांडणीची फाइल उघडली, तिच्यातली एक ओळ वाचली आणि वडिलांना म्हणाला, “थांबा, आपण पुढची गाडी पकडू.”