एस. टी.तील भागीदारी : जोखीम कोणाची?



१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली. भरल्या मार्गांच्या उत्पन्नातून आडगावच्या मुक्कामी गाडीचा तोटा भरून निघावा, हे या व्यवस्थेचे अर्थशास्त्र होते. परंतु १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यातच एक पेच आहे. अठरावे कलम पुरेशी व किफायतशीर सेवा मागते. बाविसावे कलम व्यापारी तत्त्वांवर कारभार करण्यास बजावते. पहिल्याची किंमत सरकारने दिली नाही की दुसऱ्याच्या नावाने खेड्यातील फेरी बंद होते.

आता या पेचावर उतारा म्हणून ‘भागीदारी’ पुढे केली जाते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या शिवशाहीच्या ताफ्यात भाड्याच्या गाड्या आल्या. त्यांत गाडी व चालक मालकाचा, वाहक महामंडळाचा आणि मोबदला किलोमीटरमागे. उतारू कमी झाले तरी मालकाचे देणे चुकत नाही; म्हणजे रिकाम्या बाकांची जोखीम जनतेच्या माथी! २०२३ साली ५१५० विजेच्या गाड्या भाड्याने घेण्याचा करार झाला, पण गाड्या ठरल्या वेळी आल्या नाहीत. शिवाय एकाच गाडीत दोन धन्यांचे दोन कामगार उभे राहिले, तर त्यांची एकजूट कशी टिकावी?

तथापि, भाड्याच्या गाडीस सरसकट विरोध करणे शहाणपणाचे नाही. विजेच्या गाडीस आरंभीच मोठे भांडवल लागते आणि ते महामंडळापाशी नाही. वाद आहे तो करारातील अटींचा.

या बाबतीत एक धडा जवळच आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे तिकीट मिळू लागले. उतारू वाढले, सवलतीची भरपाई राज्याच्या तिजोरीवर आली. सामाजिक हेतूची किंमत उघडपणे तिजोरीने सोसावी, हे तत्त्व येथे मान्य झाले. तेच तत्त्व तोट्यातील ग्रामीण फेऱ्यांना का लागू होऊ नये?

म्हणून आगारा-आगारांतून तीन मागण्या उठल्या पाहिजेत. भाडेकरार जनतेसमोर ठेवावेत व विलंबाचा दंड खरोखर वसूल व्हावा. महामंडळाचा स्वतःचा ताफा व कार्यशाळा मोडीत निघू नयेत. ग्रामीण फेऱ्यांची भरपाई अर्थसंकल्पात स्वतंत्रपणे दाखवावी. भागीदारीत नफ्याबरोबर जोखीमही वाटली जाते. एकाच्या वाट्याला हमी आणि दुसऱ्याच्या वाट्याला तोटा, अशा व्यवहाराला भागीदारी म्हणता येत नाही.