स्ट्रायकर घडतो तो लीगमध्ये



करमाड पंचक्रोशीतल्या या व्याख्यानमालेत शेंद्र्याच्या कंपन्यांत पाळी करून आलेली बरीच तरुण मंडळी समोर दिसताहेत. म्हणून सुरुवात एका कामगारापासूनच करतो. जेमी वार्डी हा शेफिल्डचा पोरगा. सोळाव्या वर्षी शेफिल्ड वेन्सडे या फुटबॉल क्लबनं त्याला चणीनं लहान म्हणून काढून टाकलं. तो कारखान्यात लागला. दिवसा रुग्णांसाठी आधारपट्ट्या बनवायच्या आणि काम सुटलं की स्टॉक्सब्रिजच्या छोट्या संघातून खेळायचं. मानधन आठवड्याला ३० पौंड. तिथून तो हॅलिफॅक्सला गेला, मग फ्लीटवुडला. २०१२ मध्ये लेस्टर सिटीनं त्याच्यासाठी दहा लाख पौंड मोजले. २०१५ मध्ये त्यानं प्रीमियर लीगच्या सलग ११ सामन्यांत गोल केले आणि त्याच हंगामात लेस्टर इंग्लंडचा विजेता ठरला. २०१९-२० मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, २३ गोल करून तो लीगमध्ये पहिला आला.

पोरात गुण होतेच. पण त्याच्या पायाखाली शिडी होती, हे विसरू नका. इंग्लंडच्या वरच्या चार श्रेणींत ९२ क्लब आहेत. प्रीमियर लीगमध्ये २०, खालच्या तिन्ही श्रेणींत प्रत्येकी २४. त्याखाली गावोगावच्या संघांच्या आणखी श्रेणी. हंगामात जो वर राहिला तो वरच्या श्रेणीत चढतो, तळाचा खाली उतरतो. प्रीमियर लीगमध्ये संघाला ३८ सामने मिळतात, त्याखालच्या तीन श्रेणींत ४६.

सामन्यांच्या संख्येवर मी एवढा भर का देतोय? स्ट्रायकरचं काम जवळून पाहा. नव्वद मिनिटांत चेंडू त्याच्या पायाशी फार थोडा वेळ येतो. बाकी वेळ तो शेवटच्या बचावपटूला खेटून उभा असतो. मधल्या फळीतल्या जोडीदाराची मान वर झाली, पाय मागे गेला, की चेंडूला पाय लागायच्या क्षणी यानं झेप घ्यायची. अर्धं पाऊल आधी निघाला तर ऑफसाइड, अर्धं पाऊल उशिरा निघाला तर बचावपटू पुढे. हे अर्धं पाऊल कुठल्याही शिबिरात शिकवता येत नाही. खऱ्या सामन्यात शंभरदा चुकून ते अंगात मुरतं.

आपल्या बायचुंग भुतियाचं पाहा. १९९७ मध्ये कोलकात्यात एक लाख ३१ हजार प्रेक्षकांसमोर ईस्ट बंगालकडून मोहन बागानविरुद्ध त्यानं हॅटट्रिक केली. १९९९ मध्ये तो मँचेस्टरजवळच्या बरी या क्लबकडे गेला, तिसऱ्या श्रेणीत. तिथं लीगच्या ३७ सामन्यांत त्याचे गोल झाले तीन. हा आकडा ऐकून त्याला कमी लेखू नका. तेविशी जवळ आल्यावर, थेट तिसऱ्या पायरीवर तो एकटा जाऊन उभा राहिला. वार्डी खालच्या पायऱ्यांवर ज्या वयात चुका करत शिकला, त्या वयात आपल्या पोरांना तसे सामनेच मिळत नाहीत. सुनील छेत्रीची तर दारातच अडवणूक झाली. २००९ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सनं त्याला करारबद्ध केलं, पण भारत क्रमवारीत पहिल्या सत्तरात नाही म्हणून त्याला कामाचा परवाना नाकारला गेला. एकट्या खेळाडूनं कितीही घाम गाळला तरी देशाची क्रमवारी तो एकटा वर आणू शकत नाही.

आता महाराष्ट्राकडे येऊ. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुढे तो ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे काही काळ प्रशिक्षणालाही जाऊन आला. हा क्लब २०१० पासून पुण्याच्या वेंकीज समूहाचा आहे. याच ब्लॅकबर्नकडून अ‍ॅलन शिअररनं १९९४-९५ मध्ये ३४ गोल केले आणि क्लबला प्रीमियर लीग जिंकून दिली. महाराष्ट्राचा पैसा तिथं पोचला, आपला पोरगा सरावाला पोचला. महाराष्ट्राचा स्ट्रायकर तिथल्या लीगमध्ये मात्र अजून उतरायचा आहे.

आणि अनिकेत कोल्हापूरचाच निघावा, यात मला नवल वाटत नाही. तिथं शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालमींचे संघ दरवर्षी लीग खेळतात. पाटाकडील विरुद्ध दिलबहार म्हटलं की गॅलरी भरते. लहान पोरं कट्ट्यावर बसून खेळ बघत वाढतात. मराठवाड्यात पोरांच्या पायात बळ कमी आहे असं मी कधीच मानणार नाही. पण आपल्याकडे लीगऐवजी चषक होतात, एक सामना हरला की संघ घरी. सप्टेंबर २०१७ मध्ये राज्यभर एका दिवसात दहा लाख मुलांच्या हाती फुटबॉल देण्याचा उपक्रम झाला. उपक्रम चांगलाच होता. पण स्ट्रायकर घडायला पुढचे सगळे रविवार लागतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. करमाड, शेंद्रा आणि आसपासच्या गावांचे आठ संघ करा. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे संघाला १४ सामने आणि लीगचे एकूण ५६. दिवाळीनंतर सुरू केली तर उन्हाळ्याआधी लीग संपते. मैदान शाळेचं, जाळ्या आणि चेंडू ग्रामपंचायत व कंपन्यांनी द्यावेत, पंच म्हणून जिल्ह्यातले क्रीडाशिक्षक यावेत. पाळी सांभाळून खेळणाऱ्या पोराला सुपरवायझरनं रविवारची सुटी बदलून द्यावी. पुढच्या वर्षी याच व्याख्यानमालेला मला बोलवाल, तेव्हा भाषणाआधी लीगचा गुणतक्ता वाचून दाखवा. मी त्यासाठी येईन.