हनुवटीवरचा मास्क

१ फेब्रुवारी २०२१ ला महाराष्ट्रात कोरोनाचे १,९४८ नवे रुग्ण नोंदले गेले. आदल्या सप्टेंबरात, पहिल्या लाटेच्या ऐन भरात, हाच रोजचा आकडा पंचवीस हजारांना टेकला होता. त्या मानाने हा अगदीच किरकोळ वाटला. त्याच दिवशी मुंबईची लोकल सर्वसामान्य प्रवाशांसाठी पुन्हा खुली झाली, तीही ठरलेल्या वेळांपुरती: पहिल्या गाडीपासून सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. लसीकरण सुरू होऊन पंधरवडा उलटला होता. साथ संपली असे कोणी जाहीर केले नव्हते. लोकांनी ते परस्पर ठरवून टाकले होते. त्यानंतर अकरा आठवड्यांनी, १८ एप्रिलला, दिवसाचा आकडा ६८,६३१ झाला.

या अकरा आठवड्यांत राज्यात दोन तऱ्हांचा वैताग एकाच वेळी साठत गेला. नियम पाळणाऱ्यांना न पाळणाऱ्यांचा राग येत होता, आणि नियमांमुळे ज्यांचा धंदा बसत होता त्यांना नियमांचाच. पहिल्या रागाची चर्चा घरोघरी झाली, सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर झाली. दुसरा राग बंद शटरमागे बसून होता आणि एप्रिलमध्ये रस्त्यावर आला. भीती मात्र दोन्हीकडे सारखीच होती.

हे समजायला आधी आजाराचे वेळापत्रक पाहावे लागते. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच दिवस जातात, कधी चौदाही. लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच माणूस दुसऱ्याला लागण देऊ लागतो, आणि काहींना लक्षणे कधी येतच नाहीत. ज्यांचा आजार बळावतो त्यांचा दुसरा आठवडा कठीण जातो. मृत्यूंचा आकडा म्हणूनच रुग्णसंख्येच्या मागून दोन-तीन आठवड्यांनी चालत येतो. लग्न रविवारी लागते. वऱ्हाडी सोमवारी आपापल्या कामाला लागतात. शुक्रवारी नवरदेवाच्या मामांना कणकण येते, ती दगदगीवर ढकलली जाते. पुढच्या आठवड्यात मामांच्या शेजारच्या आजी, ज्या लग्नाला गेल्याच नव्हत्या, दवाखान्यात दाखल होतात. मांडव आणि आजी यांच्यामधला धागा कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. हयगयीची किंमत उशिरा वसूल होते आणि बहुधा दुसऱ्याच घरातून. हयगय टिकून राहण्याचे हे मूळ कारण. आणि ती पाहणाऱ्याचा जीव वरखाली होण्याचेही हेच.

त्यात वाढीचे गणित लोकांच्या सवयीचे नाही. १० फेब्रुवारीला राज्यात ३,४५१ नवे रुग्ण होते, २४ फेब्रुवारीला ८,८०७. पाच हजारांची भर, असे हे आकडे वाचले गेले. ते चौदा दिवसांत अडीच पट, असे वाचायला हवे होते. बेरीज करणारा माणूस मार्चमध्ये चौदा हजारांची वाट पाहतो. १८ मार्चला प्रत्यक्षात २५,८३३ आले, म्हणजे सप्टेंबरचा उच्चांक मोडला, आणि ४ एप्रिलला ५७,०७४.

काळजी घेतली जातच नव्हती असे नाही. ती ज्या जागी घेतली जात होती ती जागा चुकत होती. मास्क घरोघरी होते, खिशात होते, बहुतेकांच्या चेहऱ्यावरही होते, फक्त नाकाखाली. बोलताना तो हनुवटीवर उतरे आणि पोलीस किंवा पालिकेचा मार्शल दिसला की वर चढे. या विषाणूचा शिरकाव मुख्यतः नाकाच्या आतल्या पेशींतून होतो; नाक उघडे ठेवून तोंड झाकणे म्हणजे दाराला कुलूप लावून खिडकी सताड उघडी टाकणे. रेशन दुकानांसमोर अंतर ठेवण्यासाठी चुन्याची, तैलरंगाची वर्तुळे आखली होती. उन्हात उभे राहणे नको म्हणून लोक त्या वर्तुळांत आपली चप्पल, पिशवी ठेवत आणि शेजारच्या झाडाच्या सावलीत खांद्याला खांदा लावून गप्पा मारत. चपलांमध्ये अंतर अगदी चोख असे. सोसायटीच्या फाटकावर रखवालदार तापमापकाची बंदूक मनगटाकडे रोखी, चौऱ्याण्णव अंश फॅरनहाइट आकडा येई आणि वहीत सत्त्याण्णव लिहिले जाई.

यातला काही दोष सांगणाऱ्यांचाही होता. पहिल्या वर्षभर भर राहिला तो हात धुण्यावर, पृष्ठभाग पुसण्यावर. दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या गेल्या, भाज्या दोन-दोन दिवस बाल्कनीत ठेवल्या गेल्या, रस्त्यांवर जंतुनाशकाचे फवारे उडाले. विषाणू बंद खोलीतल्या हवेत सूक्ष्म तुषारांतून तरंगत राहतो, दहा मीटरपर्यंत जाऊ शकतो, म्हणून खिडक्या उघडा, पंखे लावा, असे केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने सविस्तर सांगितले ते २० मे २०२१ ला. तोवर दुसरी लाट ओसरू लागली होती. ‘मास्क, अंतर, हात धुणे’ ही त्रिसूत्री सगळ्यांना तोंडपाठ होती. तिच्यात खिडकी नव्हती.

बेफिकिरीला आकड्यांचाही आधार मिळाला होता. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन विभागांत रक्ततपासणी झाली, तेव्हा झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांत आणि इमारतींतल्या १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली. पुण्यातल्या पाच प्रभागांत हे प्रमाण निम्म्यावर निघाले. यावरून समूह प्रतिकारशक्ती आलीच, अशी चर्चा सुरू झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ४ फेब्रुवारी २०२१ ला जाहीर केलेल्या देशव्यापी पाहणीत मात्र दहा वर्षांवरच्या लोकांत हे प्रमाण जेमतेम २१ टक्के होते. म्हणजे पाचांतले चार जण अजून कोरे होते. ही बातमी आली आणि विरून गेली. दिलासा देणारी बातमी जितकी फिरते तितकी न देणारी फिरत नाही.

गर्दीची निमित्तेही सरकारी आणि खासगी अशी दोन्ही होती. १५ जानेवारीला राज्यातल्या बारा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले. प्रचार, मतमोजणी, गुलाल सगळे यथासांग पार पडले. मग लग्नसराई. रुग्णवाढ आधी दिसली ती विदर्भात. अमरावती आणि अचलपूर शहरांत २२ फेब्रुवारीपासून आठवड्याची टाळेबंदी लागली. आदल्याच दिवशी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ‘मी जबाबदार’ ही मोहीम जाहीर केली होती, राजकीय, सामाजिक, धार्मिक गर्दीच्या कार्यक्रमांना बंदी घातली होती आणि आठ-पंधरा दिवस पाहून पुढचे ठरवू असे सांगितले होते. तिसऱ्या दिवशी, २३ फेब्रुवारीला, वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवी इथे त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या एका मंत्र्यासाठी हजारो लोक जमले. ते दृश्य दिवसभर दूरचित्रवाणीवर चालले. मास्क नव्हता म्हणून दोनशे रुपये दंड भरून बसलेल्या सामान्य माणसाच्या मनात त्या दिवशी काय आले असेल, याचा तर्क कठीण नाही.

या विसंगतीचा स्फोट मार्चमध्ये पुण्यात झाला, तोही अनपेक्षित गटाकडून. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा आधीच अनेकदा लांबली होती. १४ मार्चला ठरलेली परीक्षा ११ मार्चला, म्हणजे तीन दिवस आधी, कोरोनाचे कारण देऊन पुढे ढकलली गेली. काही तासांत नवी पेठेत हजारो विद्यार्थी रस्त्यावर बसले. सभांना गर्दी चालते, लग्नांना चालते, परीक्षेलाच कसा कोरोना, हा त्यांचा सवाल होता. साथीच्या दृष्टीने ती गर्दीही गर्दीच. पण सवाल खोटा नव्हता. परीक्षा अखेर २१ मार्चला झाली. नियम सर्वांना सारखा लागत नाही हे दिसले की तो पाळणारा स्वतःलाच भोळा समजू लागतो. हे नुकसान दंडाच्या पावत्यांनी भरून निघत नाही.

प्रशासनाचे उपाय कधी कल्पक तर कधी चमत्कारिक होते. मार्चअखेर नाशिकमध्ये बाजारपेठेत शिरायला माणशी पाच रुपयांची पावती लावण्यात आली, मुदत एक तास. जास्त रेंगाळल्यास पाचशे रुपये दंड. गर्दीला तिकीट लावण्याचा हा प्रयोग देशभर बातमीचा विषय झाला. २२ एप्रिलपासूनच्या आदेशात लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास एवढीच मुभा होती, मोडल्यास पन्नास हजार दंड. दोन तासांत अंतरपाट, मंगलाष्टके, जेवण आणि पाठवणी आटोपण्याचे कसब पुरोहितांनी आणि आचाऱ्यांनी साधलेही.

सगळा दोष लोकांच्या माथी मारणे सोयीचे होते, पण पूर्ण खरे नव्हते. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन महत्त्वाचे बदल एकत्र झालेला विषाणू आढळतो आहे. त्याच कुळातल्या एका प्रकाराला मे महिन्याच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने डेल्टा हे नाव दिले. तो आधीच्यांपेक्षा बराच वेगाने पसरत होता. २०२० मध्ये आजार घरातल्या एकाला व्हायचा. २०२१ मध्ये अख्खे घर एकदम आडवे होऊ लागले. म्हणजे आदल्या वर्षी जेवढी ढिलाई खपून गेली तेवढीच या वर्षी महागात पडली.

एप्रिलमध्ये काळजीने नवी भाषा धारण केली. ‘स्कोअर किती?’ हा प्रश्न क्रिकेटचा राहिला नाही. फुप्फुसांच्या सीटी स्कॅनवर पंचवीसपैकी किती गुण आले, ते त्यात विचारलेले असे. बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा, सहा मिनिटे घरातल्या घरात चालणे, मग पुन्हा चिमटा. चौऱ्याण्णवच्या खाली आकडा गेला की फोन सुरू. पहिला फोन पालिकेच्या वॉर रूमला, मग ओळखीच्या डॉक्टरला, मग नगरसेवकाला, मग ज्याच्याशी दहा वर्षे बोलणे नव्हते अशा एखाद्या वर्गमित्राला. रेमडेसिवीर हे मृत्यू टाळणारे औषध असल्याचा भक्कम पुरावा नव्हता, तरी चिठ्ठीवर ते लिहिले जाई आणि मुलगा त्यासाठी औषध दुकानांसमोर रांगेत रात्र काढी. राज्याची ऑक्सिजन निर्मिती दिवसाला साधारण साडेबाराशे टन. गरज तिच्या पुढे गेली. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन रेल्वेगाडी विशाखापट्टणमला निघाली. २१ एप्रिलला नाशिकमध्ये पालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले.

धंदा बसलेल्यांचा तो दुसरा राग एव्हाना पुरता पेटला होता. ४ एप्रिलला शनिवार-रविवारची टाळेबंदी सांगितली गेली. आदेश हातात पडला तेव्हा अत्यावश्यक सोडून सगळीच दुकाने महिनाअखेरपर्यंत बंद असल्याचे व्यापाऱ्यांना कळले. शहरोशहरी ते फलक घेऊन दारात उभे राहिले. १४ एप्रिलच्या रात्री आठपासून संचारबंदी आली. तिच्यासोबत ५,४७६ कोटींची मदत जाहीर झाली: रिक्षाचालकाला, परवानाधारक फेरीवाल्याला, नोंदणीकृत बांधकाम मजुराला प्रत्येकी दीड हजार, रेशनकार्डावर माणशी तीन किलो गहू आणि दोन किलो तांदूळ मोफत. परवाना नसलेला फेरीवाला आणि नोंदणी नसलेली घरकाम करणारी बाई कुठल्या रकान्यात बसतात याचे उत्तर सहज मिळत नव्हते. घरात बसा हा सल्ला दोन खोल्यांच्या वर घर असलेल्यांनी दिला होता. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण राहतात तेव्हा रस्ता हाच त्यातला हवेशीर भाग असतो, आणि रस्त्यावर दिसले म्हणून काठी त्यांनाच बसते.

महाराष्ट्राला ही ओढाताण नवी नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. पुण्यात त्याची अंमलबजावणी घरात घुसणाऱ्या सोजिरांकरवी झाली आणि जून १८९७ मध्ये चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. तिथे लोकांचा राग एकाच दिशेने, परक्या सरकारवर होता. तोच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये राज्याने पुन्हा लागू केला. या वेळी राग शेजाऱ्यावरही होता, ही त्यातली नवी गोष्ट. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची तऱ्हा अधिक जवळची. जूनमध्ये मुंबईत तो आला, जुलैत ओसरला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात परतला तो कित्येक पटींनी घातक होऊन. मधल्या ओहोटीला शेवट समजण्याची चूक तेव्हाही झाली होती.

मेमध्ये राज्याचा आकडा उतरू लागला. ७ जूनपासून पाच स्तरांनुसार निर्बंध सैल झाले, आणि पाऊस पडताच लोणावळ्याच्या वाटेवर गाड्यांच्या रांगा लागल्या. पोलिसांना त्या परत पाठवाव्या लागल्या. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली. तोवर लसीकरण बरेच झाले होते, रुग्ण पुष्कळ आणि खाटा रिकाम्या असे प्रथमच घडले. १ एप्रिल २०२२ पासून राज्यातले सगळे निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला, आणि दुसऱ्या दिवशीच्या गुढीपाडव्याला शोभायात्रा निघाल्या. रेशन दुकानांसमोरची तैलरंगाची वर्तुळे आणखी एखादा पावसाळा टिकली.