पायऱ्या दाखवा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी कॅनडात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आता आपली मुले कॉलेजला निघाली, त्यामुळे सकाळपासून चौघांनी तरी विचारले, "स्टडी परमिट अडकू नये म्हणून काय करायचे?"

माझी चूकच सांगते. मावसबहिणीच्या मुलीचा अर्ज मी स्वतः तपासला होता. फीसाठी तिच्या वडिलांनी शेत विकले. बँकेचे स्टेटमेंट जोडले, पण एवढी रक्कम एकदम आली कुठून, हे लिहिले नाही. खरेदीखत मराठीत, म्हणून जोडलेच नाही. अधिकाऱ्यांनी खुलासा मागवला. इंग्रजी भाषांतर आणि प्रतिज्ञापत्र होईपर्यंत सप्टेंबरचे सत्र सुरू झाले. पोरीला जानेवारीपर्यंत थांबावे लागले. शेतही गेले आणि पोरही घरीच. तिच्या वडिलांशी फोनवर बोलताना मला शब्द सुचेना.

म्हणून चार गोष्टी सांगते. आधी पासपोर्टची मुदत बघा. परमिट त्यापलीकडे मिळत नाही. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते आणि वडिलांचे नाव शेवटी. पासपोर्टवरचे नाव वेगळे दिसत असेल, तर पत्रात दोन ओळींत खुलासा करा.

दुसरे, २०२४ पासून बहुतेक मुलांना कॉलेजच्या प्रवेशपत्रासोबत त्या प्रांताचे पत्रही लागते. ते साधारणपणे कॉलेजमार्फतच मिळते, म्हणून प्रवेश लवकर पक्का करा.

तिसरे, पैसे. १ सप्टेंबर २०२५ पासून क्युबेकबाहेर शिकणाऱ्या एकट्या विद्यार्थ्याला वर्षाच्या राहणीखर्चासाठी २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च वेगळा. मोठी रक्कम नुकतीच जमा झाली असेल, तर तिचा कागद भाषांतरासह जोडा.

चौथे, बोटांचे ठसे आणि फोटो. त्याची फी अर्जासोबतच भरा आणि पत्र आले की लगेच वेळ घ्या. एजंटाने अर्ज भरला तरी पाठवण्याआधी प्रत्येक पान मुलाने स्वतः वाचावे. चुकीची माहिती गेली, तर जबाब त्यालाच द्यावा लागतो.

आपल्या गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत. उत्तर बरोबर असले तरी पायऱ्या नसल्या की बाई गुण कापायच्या. बाई, त्या अर्जात आमचे उत्तर बरोबर होते, पायऱ्या मी गाळल्या. गुण मात्र त्या पोरीचे गेले.

कुणाचे अडले तर रात्री फोन करा. तुमची रात्र म्हणजे माझी सकाळ.