योजनेचा पैसा कोठून येतो

कोल्हापुरात पदवी स्वीकारणाऱ्या स्नातकांसमोर कल्याणकारी खर्चाचा, म्हणजे नागरिकाला शिक्षण, काम किंवा थेट रक्कम देण्यासाठी शासन जो खर्च करते त्याचा, विषय मांडताना आरंभ राजर्षी शाहू महाराजांपासूनच करावा लागतो. कारण 1917 मध्ये करवीर संस्थानाने प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा फी माफ करण्याबरोबरच मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंडही ठरवला, आणि शिकवणे हे दरबाराचे व शाळेत पाठवणे हे पालकाचे बंधन झाले.

याच मुलखाचा दुसरा वारसा रोजगार हमी योजनेचा आहे. तासगाव तालुक्यातील विसापूरला 1965 च्या सुमारास वि. स. पागे यांनी केलेल्या प्रयोगातून तिची कल्पना आकाराला आली, 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर पोचली आणि 1977 च्या कायद्याने ‘मागेल त्याला काम’ हा ग्रामीण मजुराचा हक्क ठरला. तिच्या अर्थरचनेकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. 1975 मध्ये राज्याने व्यवसाय कर, म्हणजे नोकरदार व व्यावसायिक यांच्या कमाईवरील छोटी आकारणी, सुरू केला. त्याचे उत्पन्न रोजगार हमी निधीकडे वळवले आणि तेवढीच रक्कम राज्याने आपल्याकडून घालावी अशी व्यवस्था केली. शहरातील पगारदाराने खडी फोडणाऱ्या मजुराच्या मजुरीचा वाटा उचलावा, हे इतक्या उघडपणे कायद्यात लिहिणे ही महाराष्ट्राची अभिमानास्पद कामगिरी होय. काही वर्षांत जमलेला निधी त्या कामावर पुरता खर्च झाला नाही, हेही नोंदले पाहिजे. पण ती उणीव दिसू शकली ती जमेची बाजू स्वतंत्र लिहिलेली होती म्हणूनच.

जून 2024 मध्ये जाहीर झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत पात्र महिलेला दरमहा 1,500 रुपये मिळतात. दोन कोटी महिलांचा हिशेब धरला तरी वर्षाचा खर्च 36,000 कोटी रुपये होतो, आणि 2025-26 च्या अर्थसंकल्पातील तरतूदही तेवढीच होती. ही रक्कम उधळपट्टी आहे असे म्हणणे अन्यायाचे आहे. शेतात आणि घरात राबूनही ज्या बाईच्या नावावर कधी पैसा आला नाही, तिच्या खात्यात दरमहा ठरावीक रक्कम येणे ही मोलाची गोष्ट आहे. तथापि या योजनेला स्वतःचा असा कोणताही कर जोडलेला नाही, आणि त्याच अर्थसंकल्पात 45,891 कोटी रुपयांची महसुली तूट अंदाजलेली होती. महसुली तूट म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने असा चालू खर्च चालू उत्पन्नाहून जेवढा अधिक असतो तेवढी रक्कम; ती कर्जाने भरली की त्या कर्जातून धरण किंवा रस्ता उभा राहत नाही, आणि पुढील वर्षांच्या व्याजाचा बोजा मात्र वाढतो. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज टाळता येत नसल्यामुळे ओढाताणीच्या वर्षी कात्री लागते ती एकतर बांधकामाला, नाहीतर लाभार्थींच्या यादीला. ज्या लाभाचा उत्पन्नस्रोत ठरलेला नाही, तो लाभ घेणारी बाई दर मार्चला नव्याने अनिश्चिततेत ढकलली जाते, आणि हे तिच्या सन्मानाशी विसंगत आहे.

असा ठरलेला स्रोत शोधताना पुन्हा व्यवसाय कराकडेच पाहावे लागते. आजच्या स्नातकांपैकी जे नोकरीला लागतील, त्यांच्यातील अनेकांच्या वेतनपत्रकात व्यवसाय कराची वर्षाकाठी 2,500 रुपयांची कपात दिसेल. राज्यघटनेच्या 276 व्या अनुच्छेदातील ही कमाल मर्यादा 1988 पासून तशीच आहे; मधल्या काळात वेतने कितीतरी पटींनी वाढली, तरी लाखाचा पगार घेणाराही तेवढेच भरतो. ती वाढवायची तर संसदेला घटनादुरुस्ती करावी लागेल, आणि तिची मागणी कर भरणाऱ्या सुशिक्षित वर्गाकडूनच व्हायला हवी.